पाऊण तास गप्प

बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा व्हिडिओ लावला की माझी नजर कंडक्टरकडे जातच नाही. ती जाते एका खुर्चीकडे. काळा कोट, मांडीवर मिटलेलं स्वरलिपीचं पुस्तक, त्यावर दोन्ही हात. आजूबाजूला वाद्यवृंद उसळतोय आणि हा बास-बॅरिटोन गायक (पुरुषांच्या आवाजांत बास सगळ्यात खालचा, बॅरिटोन त्याच्या वरचा; हा दोघांच्या मधला) मुहूर्ताची वाट बघणाऱ्या मुलीच्या मामासारखा ताठ बसलाय. पहिला भाग संपतो, दुसरा संपतो, तिसरा तर इतका संथ की मलाच पेंग येते. पाऊण तास होत येतो, तरी हा गप्प. (काही ठिकाणी गायकांना तिसऱ्या भागाच्या तोंडावर आणून बसवतात. मला ती पळवाट वाटते.)

आपल्याकडच्या गवयाचं बरं असतं. तानपुरे जुळले की सा लावायचा, खर्जात उतरायचं, आलापात गळा तापू द्यायचा. खरखर आलीच तर खाकरून पुन्हा सा. इथे थंड गळ्याने उठायचं आणि पहिल्याच हाकेला सगळं सभागृह भरायचं. सुरावटही अशी, की निव्वळ बासला वर चढताना धाप लागावी आणि हलक्या बॅरिटोनला खाली वजन कमी पडावं.

चौथा भाग कानठळ्या बसवत सुरू होतो. मागच्या तिन्ही भागांच्या सुरावटी एकेक करून डोकावतात आणि चेलो-डबल बासची जाड्या आवाजाची मंडळी त्यांना परत पाठवतात, स्थळं नाकारावीत तशी. मग ती सुप्रसिद्ध आनंदाची चाल सापडते, फुलते आणि पुन्हा तोच गदारोळ. आता तो उठलेला असतो. ओठांवरून जीभ फिरते, छाती भरते.

‘मित्रांनो, हे सूर नकोत!’

इतका वेळ बसून ऐकलं आणि वर हे! पण हे शब्द पुढे गायल्या जाणाऱ्या, जर्मन कवी शिलरच्या आनंदावरच्या कवितेतले नाहीत, खुद्द बीथोव्हनचे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ते पहिल्यांदा गायले जोसेफ झायपेल्ट यांनी. लिहिणारा तिथेच मंचावर होता आणि त्याला ते ऐकू येत नव्हते.

पुढे गायक एकच शब्द हाकारतो, ‘फ्रॉइडऽ!’, म्हणजे आनंद. मागून कोरसमधले बास तोच शब्द दणकून परत फेकतात. तेही बिचारे तेवढाच वेळ गप्प बसलेले असतात.