तीन बोटांचा फरक

बस आमच्याकडे आली तोवर दोन गॅरेजं फिरून झाली होती. २००९ चं मॉडेल, मागे इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रोज सकाळी वाशीहून अंधेरीच्या सीप्झला कंपनीची माणसं नेते, संध्याकाळी परत आणते. मे महिना लागल्यापासून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या आसपास, गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागायचा आणि माणसं उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहायची.

आधीच्यांनी रेडिएटर धुतला, सेन्सर बदलला, ऑइल बदललं. तरी दिवा लागतोच म्हटल्यावर सगळं ड्रायव्हरवर ढकललं. काका ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्हीवर पाय ठेवून चालवतात, असं लिहून दिलं. मालकाने त्यांचे पैसे कापले. आमच्या धंद्यात दोष सापडला नाही की तो ड्रायव्हरच्या पायात सापडतो. हे मी पंचवीस वर्षं बघतोय आणि दर वेळी चीड येते.

काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मिस्त्री, दिवा लागायच्या आधी वास येतो. आणि गाडी उभी केली की ब्रीदरखाली ओलं असतं." ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी नळी. मी वहीत लिहून घेतलं आणि कामाला लागलो.

गिअरबॉक्स तापतो म्हणजे दोनपैकी एक: उष्णता बाहेर पडत नाही, किंवा मुळात जास्त तयार होते. बहुतेक जण पहिल्यावरच अडकतात, कारण गिअरचं ऑइल कूलरमधून फिरतं, तिथे इंजिनचं पाणी त्याची उष्णता घेतं, आणि पाणी म्हटलं की रेडिएटरकडे बोट. मी बस भर दुपारी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडला घातली, परत आलो आणि टेम्परेचर गन घेऊन लगेच गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. कूलरमध्ये जाणारा पाइप १२१ अंश, येणारा १०२. कूलर आपलं काम करत होता. उष्णता आतच जास्त तयार होत होती.

मग लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच. तो धरला नाही तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून पुढे देणाऱ्या भागात, ऑइल नुसतं घुसळत राहतं. पण मोकळ्या रस्त्यावर इंजिनचे फेरे बरोबर खाली येत होते, म्हणजे तो धरत होता. मग रिटार्डर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलने गाडी मंदावणारा ब्रेक. ब्रेकवरून पाय काढल्यावर त्याच्या लाइनमध्ये हवा उरते का, हे गेज लावून पाहिलं. काटा शून्यावर.

राहिलं ऑइल. ते मी आल्या दिवशीच तपासलं होतं, अगदी नियमाने: गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, ऑइल गरम. आमचं आवार नाल्याकडे उतरतं, म्हणून गाडी मुद्दाम बाहेर नेऊन लावली होती. ऑइल मापायच्या पट्टीवर ऑइल गरमच्या खुणेला टेकलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही वेळा मी कागदावर "लेव्हल बरोबर" लिहून सही केली.

तिसऱ्या दिवशी पट्टी पुसताना ऑइल बोटांवर घेऊन चोळलं. बारीक बारीक फुगे, दुधावरच्या फेसासारखे. फेस बहुतेक दोन कारणांनी येतो. ऑइल कमी असलं तर पंप हवा ओढतो. जास्त असलं तर फिरते गिअर त्यात बुडतात आणि ताक घुसळल्यासारखं ते घुसळतात. फेसाळलेलं ऑइल उष्णता वाहून नेत नाही, दाबही धरत नाही, क्लच घसरतात आणि आणखी तापतात. फुगलेलं ऑइल ब्रीदरमधून बाहेर पडतं. काकांचं "ओलं" तेव्हा माझ्या डोक्यात पेटलं.

पण पट्टी तर बरोबर सांगत होती.

त्याच मालकाची, त्याच चॅसीची दुसरी बस टायरसाठी शेजारी उभी होती. तिची पट्टी काढली आणि दोन्ही फळीवर ठेवून मुठी जुळवल्या. आमची तीन बोटं तोकडी. तोकड्या पट्टीची खूण नळीत वर राहते, म्हणून तिथपर्यंत भरायचं तर ऑइल जास्तच घालावं लागतं. दुसऱ्याच चॅसीची पट्टी या नळीत बसली होती आणि आम्ही सगळे तिच्यावर विश्वास ठेवून मापत होतो. बरोबर पट्टीने मापलं तर साधारण पाच लिटर ऑइल जास्त निघालं.

सगळं काढलं. काळपट, जळका वास, तळाला क्लचची काळी पूड. फिल्टरसकट नवीन भरलं, या वेळी खऱ्या पट्टीने. दुसऱ्या दिवशी काकांच्या बाजूला बसून सीप्झपर्यंत गेलो. पवईला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो. गाडी बाजूला घेऊन गन लावली. ९४. काका काही बोलले नाहीत, फक्त खाली वाकून ब्रीदरखालची कोरडी जागा बोटाने पुसून पाहिली.

मालकाला फोन करून कापलेल्या पैशांचं सांगितलं. "बघतो," म्हणाला. मी परत करणार आहे फोन.

तोकडी पट्टी आली कुठून, हे त्याच फोनवर विचारलं. जानेवारीत त्याच्या दोन बसचं ऑइल एकाच रात्री, एकाच आवारात बदललं होतं. एक ही. दुसरी वेगळ्या चॅसीची, सध्या शिर्डीच्या फेऱ्या मारते. म्हणजे हिची लांब पट्टी त्या बसमध्ये असणार. लांब पट्टीची खूण खाली जाते, त्यामुळे तिच्यात पाच महिने ऑइल कमी भरलं जात असणार, आणि पट्टी बघणारा प्रत्येक जण "बरोबर" लिहून सही करत असणार.

ती उद्या पहाटे मुंबईत येते. खड्डा रिकामा ठेवायला सांगितलाय.