हाताने घडवलेल्या चांदीला हॉलमार्क – माझा अनुभव

सोन्याला हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, चांदीला मात्र तो अजून ऐच्छिकच आहे. त्यामुळे घरून चांदीचे दागिने करून विकणाऱ्या बऱ्याच जणी त्या वाटेला जातच नाहीत. जोडव्याच्या आतल्या बाजूला ९२५ चा (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी) पंच मारायचा, बिलावर ९२५ लिहायचं, झालं. तो पंच बाजारात कुणालाही मिळतो, त्याला ना कुठला कागद लागतो ना ओळखपत्र, म्हणजे त्या आकड्यामागे फक्त आपला शब्द असतो. आपल्या ओळखीच्या गिऱ्हाईकांना तेवढा शब्द पुरतो, पण नागपूरहून, बंगळुरूहून, कधी दुबईहून ऑर्डर देणाऱ्या बाईला मी कोण हे काय माहीत, आणि तिने का विश्वास ठेवावा?

हा प्रश्न मला २०२५ मध्ये जास्त टोचायला लागला. वर्षाच्या सुरुवातीला चांदी किलोला नव्वद हजारांच्या आसपास होती, डिसेंबरात दोन लाखांच्या वर गेली. पन्नास ग्रॅमच्या तोड्यांची जोडी घ्या, नुसती चांदीच साडेचार हजारांवरून दहा हजारांवर गेली, मजुरी वेगळीच. एवढे पैसे मोजणारं माणूस विचारणारच ना की ताई, शुद्धतेचा पुरावा काय. त्यातच १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी सुरू झाला, म्हणजे प्रत्येक नगाला सहा अक्षरी-आकडी वेगळा कोड, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकला की दागिना कुठला, कुठल्या हॉलमार्किंग सेंटरने तपासला, शुद्धता किती हे दिसतं. मग ठरवलं, आपण करायचंच. मी कोल्हापुरात राहते, घराच्या मागच्या खोलीत बसून जोडवी, मासोळ्या, तोडे, वाळे, छल्ले आणि हल्ली नथी करते, मदतीला एक मुलगी येते, एवढाच पसारा. एवढ्याशा पसाऱ्याला हे जमतं का असं मला बऱ्याच जणी विचारतात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

कागदपत्रांचा भाग सगळ्यात सोपा निघाला. बीआयएसचं ज्वेलर रजिस्ट्रेशन त्यांच्या मानक ऑनलाईन पोर्टलवर होतं, त्याला फी नाही आणि एकदा मिळालं की दरवर्षी रिन्यू करावं लागत नाही. एक गोष्ट मात्र आधीच नीट बघून घ्या, रजिस्ट्रेशन विक्रीच्या पत्त्याला मिळतं, त्यामुळे सगळ्या कागदांवर पत्ता एकच आणि एकसारखा हवा. माझ्याकडे जीएसटी होता (दागिन्यांवर तीन टक्के, आणि परराज्यात माल पाठवायचा म्हणून मी तो आधीच घेतलेला), उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) होतं, शॉप ॲक्टची इंटिमेशन होती, थोडीच माणसं असतील तर महाराष्ट्रात ती नुसती ऑनलाईन कळवायची असते. उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साईटवर पूर्ण फुकट आहे, गुगलवर वरती येणाऱ्या साईट त्याचे पैसे मागतात, तिकडे अजिबात जाऊ नका. काट्यावर वैधमापनचा शिक्का दरवर्षी लागतोच. आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवायचं, गिऱ्हाईकाने मागितलं तर त्याला शिक्का दाखवता आला पाहिजे असा नियम आहे. नियम म्हणून भिंग आणलं खरं पण आता ते माझ्या कामाच्या पाटावरच असतं, डाग कुठे पोकळ राहिलाय ते त्यातून लगेच दिसतं.

सेंटर शोधायला जरा वेळ गेला. आपल्या कोल्हापूर-हुपरी पट्ट्यात चांदीचं काम भरपूर, पण पहिल्या एका सेंटरने एवढे थोडे नग बघून टाळाटाळच केली, किलोंनी माल घेऊन या म्हणाले. दुसऱ्या सेंटरमधल्या बाईंनी मात्र व्यवस्थित घेतले. दर ठरलेला असतो, चांदीला नगाला ३५ रुपये आणि एका खेपेला कमीत कमी १५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दोन नग नेले तरी दीडशेच जाणार, त्यामुळे पाच किंवा जास्त नग साठले की एकदम न्यायचे. नगाला ४१ रुपये ३० पैसे, जोडव्याच्या जोडीत दोन नग हे लक्षात ठेवून किंमत लावायची.

आता खरा विषय, तो म्हणजे टंच, शुद्धतेचा आकडा. हाताने काम करणाऱ्यांची हॉलमार्कला जी भीती असते ती सगळी इथे असते आणि ती खरी आहे. मशीनवर एका साच्यात ओतलेला नग एकाच धातूचा असतो. आपला नग तारेचा, पत्र्याचा, रव्याचा (बारीक गोळ्यांचा), आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारा डाग. हा डाग म्हणजे झाळ, ती चांदीपेक्षा कमी तापमानाला वितळायला हवी, म्हणून त्यात तांबं, जस्त जास्त असतं आणि चांदी ६५, ७० किंवा ७५ टक्के असते. म्हणजे तुम्ही चांदी पक्की ९२५ ची वापरली तरी जेवढा डाग जास्त तेवढा पूर्ण नगाचा टंच खाली. आणि नियमात खालच्या बाजूला सवलत नाही, ९२५ म्हणजे ९२५, ९२४ आलं तर नापास.

मला हे हुपरीच्या एका कारागीर मामांनी फार सुरेख समजावलं. त्यांची पैंजणं बनवण्यात हयात गेलीय, पैंजणात कडीला कडी म्हणजे डागच डाग. ते म्हणाले, "ताई, चांदी तुमची चांगलीच हाय, पण टंच चांदीत न्हाई जात, डागात जातो. आटणीलाच वर ठेवा." म्हणजे चांदी-तांबं एकत्र वितळवतानाच शुद्धता थोडी वर ठेवायची. मग घरी येऊन वहीत हिशोब मांडला, तोच इथे देते कारण हा हिशोब मला तयार कुठेच सापडला नव्हता.

शंभर ग्रॅम ९९९ ची चांदी, त्यात आठ ग्रॅम तांबं घातलं की बरोबर ९२५ होतं. ९३० हवं तर तांबं ७.४ ग्रॅम, ९३५ हवं तर ६.८. आता समजा तुमचा धातू ९३० चा आहे आणि डाग ७० टक्क्यांचा. नगाच्या वजनात डाग दोन टक्के असेल तर पूर्ण नग ९२५.४ येतो, म्हणजे कसाबसा पास. डाग तीन टक्के झाला की ९२३.१, नापास. तेच धातू ९३५ चा ठेवला तर तीन टक्के डागालाही ९२७.९ येतं, निवांत. तेव्हापासून साध्या जोडव्यांना, जिथे एकच सांधा असतो, ९३० ची आटणी, आणि साखळी, रवा काम, नथ अशा डागाच्या नगांना ९३५ ची. शंभर ग्रॅमला अर्धा ते एक ग्रॅमच चांदी जास्त जाते, आजच्या भावातही हा खर्च नापास नग परत आटवण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

दुसरी गोष्ट भुग्याची. कानशीने घासलं की जो भुगा पडतो तो आपण जपून ठेवतो आणि पुढच्या आटणीत टाकतो, सगळेच टाकतात. पण सांध्यावर घासलेल्या भुग्यात डाग असतो, तो परत परत मुशीत गेला की आटणीचा टंच हळूहळू घसरत जातो आणि कारण कळत नाही. माझ्याकडे आता दोन डबे आहेत, डाग लागायच्या आधीचा स्वच्छ भुगा एकात, सांध्यावरचा दुसऱ्यात. दुसरा डबा मी मुशीत कधीच टाकत नाही, तो शुद्ध करून घ्यायला देते आणि ९९९ परत घेते. मदतीला येणाऱ्या मुलीला मी सगळ्यात आधी हीच गोष्ट शिकवली, हातोडी नंतर.

डागाबद्दल अजून एक, आणि हे मनापासून सांगते. स्वस्त डागात अजूनही कॅडमियम घातलेला मिळतो, तो छान वाहतो म्हणून जुने कारागीर सोडत नाहीत. त्याचा धूर फुफ्फुसं आणि किडनी खराब करतो, बंद खोलीत तर फारच वाईट. घरात काम करणाऱ्या बायकांनी, मुलं आजूबाजूला असतात, विकत घेताना कॅडमियम नसलेलाच डाग मागून घ्या, मिळाला नाही तर त्या दिवशी काम करू नका.

आता तपासणी कशी होते ते. आधी नग टंच मशीनमध्ये ठेवतात, एक्सआरएफ म्हणतात ते, एक्स-रेने धातू ओळखतं, नगाला काही होत नाही आणि मिनिटात आकडा येतो. माझ्या पहिल्या खेपेतल्या तोड्यांचा आकडा ९४१ आला आणि मी खूश, कारण आटणी ९३० ची होती. तिथल्या बाईंनी लगेच समजावलं की हा आकडा धरून चालू नका. आपण नग तापवतो तेव्हा वरच्या थरातलं तांबं काळं पडतं, उजळायला ॲसिडमध्ये टाकलं की ते काळं तांबं निघून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ पापुद्रा उरतो, तो पांढराशुभ्र दिसतो तो त्यामुळेच. मशीन वरचा अगदी पातळ थरच बघतं, त्यामुळे हाताच्या कामात ते नेहमी जास्तच दाखवणार. म्हणून लॉटमधून नमुना खरवडून किंवा कापून घेतात, तो नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि टायट्रेशनने, म्हणजे मोजून रसायन घालत, चांदी मोजतात. खरा आकडा तो. माझ्या तोड्यांचा आला ९२७. वहीतला हिशोबही तिथेच पोचत होता, आणि तेव्हा मला या कामाबद्दल जो आनंद झाला तो ९४१ बघून झाला नव्हता. हाताने, कोळशाच्या तुकड्यावर, फुंकणीने केलेलं काम आपण आकड्यात धरू शकतो, हे फार मोठं वाटतं मला. कारागिराचा अंदाज लागतोच पण त्याला वहीची जोड असली की तो पुढच्या माणसाला देता येतो.

नमुन्यासाठी नग कापला जाऊ शकतो, ही तयारी ठेवा. मी प्रत्येक लॉटमध्ये त्याच आटणीचा, तेवढेच डाग असलेला एक नग जास्तीचा करते. कापलेली चांदी परत मिळते.

मग शिक्का. लेझरने मारतात, आणि हे मी समोर उभं राहून बघितलं. जोडवं एका छोट्या पकडीत बसवलं, स्क्रीनवर त्याची आतली बाजू एवढी मोठी दिसत होती की माझ्या कानशीच्या तिरक्या रेघा मोजता आल्या असत्या, आणि त्या रेघांवरून बारीक ठिणगी सरकत गेली, आधी बीआयएसचं चिन्ह आणि सिल्व्हर शब्द, मग ९२५, मग कोड. सगळं मिळून तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. दुसऱ्या जोडव्यावर आतली बाजू मी ठोक्यांची ठेवली होती, तिथे अक्षरं खाली-वर झाली, भिंगातूनही कोड नीट वाचता येईना. आता प्रत्येक नगावर शिक्क्यापुरती सपाट, गुळगुळीत जागा मी घडवतानाच सोडते. काळं पॉलिश करायचं असेल तर ते शिक्क्यानंतर हलक्या हाताने करायचं, अक्षरांत काळं बसून ती उलट जास्त ठळक दिसतात, पण बफ जोरात लावला तर कोड पुसला जातो आणि मग सगळा खर्च वाया.

नथीला फार विचार करावा लागला. सगळी तार, सपाट जागा कुठेच नाही. शेवटी फासाच्या मागे एक चपटी पत्री जोडली, घातल्यावर दिसत नाही आणि शिक्का तिथे बसतो. पण पत्री म्हणजे अजून एक डाग, म्हणून नथीची आटणी ९३५ च्या खाली मी कधीच नेत नाही.

बिलाचंही बदललं. हॉलमार्कच्या नगाच्या बिलावर नगाचं वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहावा लागतो. मी त्याच्यापुढे जाऊन चांदीचा त्या दिवसाचा भाव आणि माझी मजुरीही वेगळी लिहायला लागले. आधी ग्रॅमवर मजुरी लावायची पद्धत होती, पैंजणाच्या बाजारात तशीच चालते, पण हाताच्या कामाला ती अन्यायाची आहे, आठ ग्रॅमच्या नथीला पन्नास ग्रॅमच्या तोड्यांइतकाच वेळ जातो. आता मजुरी तासावर. भाव वाढला तर चांदीची ओळ वाढते, माझी ओळ तिथेच राहते आणि गिऱ्हाईकाला दोन्ही दिसतात. घासाघीस कमी झाली, खरंच.

जबाबदारीही वाढते हे समजून घ्या. शिक्का सेंटरने मारला तरी गिऱ्हाईकासमोर विकणारे आपण असतो. पुढे कुणी तपासून घेतलं आणि शुद्धता कमी निघाली तर जेवढी कमी भरली त्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ज्वेलरने द्यायचा असतो. म्हणून प्रत्येक आटणीला मी नंबर देते, वहीत तारीख, चांदी किती, तांबं किती, डाग कुठला हे लिहिते आणि कुठला कोड कुठल्या आटणीतला तेही.

सगळ्याच नगांना मी हॉलमार्क करत नाही. अगदी बारीक मासोळ्या, लहान बाळांचे एक-दोन ग्रॅमचे नग यांना शिक्क्याला जागा नसते आणि ४१ रुपये किमतीवर जड पडतात, ते मी त्याच आटणीतून करते आणि बिलावर "हॉलमार्क नाही" असं स्पष्ट लिहून देते. ज्यांना हवा असेल त्यांना टंच रिपोर्ट दाखवते. तुमच्यापैकी कुणी सुरुवात करणार असेल तर पहिला लॉट साध्या, एका सांध्याच्या जोडव्यांचा न्या, पाच-सहा नग, आणि सोबत आटणीचा हिशोब लिहून न्या. आकडा आला की वहीशी ताडून बघा, मगच साखळीला आणि नथीला हात घाला.