थिसलच्या खोडातला पतंग आणि अडकलेली नोंद

खोडं मिळाली, अळ्या जगल्या, पतंग बाहेर आले. त्यात काही अडलं नाही. अडलं ते नोंदीपाशी, म्हणजे कोणता पतंग कुठे आणि कधी सापडला हे नोंदणी करणाऱ्यांना फॉर्म भरून कळवण्यापाशी. आणि पतंग तरी कुठला, तर दक्षिण इंग्लंडमध्ये दुर्मीळ नसलेला थिसल अर्माइन, म्हणजे मायेलॉइस सर्कमव्होल्युटा.

थिसल ही करडईच्या नात्यातली काटेरी झाडं (आपला पिवळा धोतरा काटेरी असला तरी अफूच्या कुळातला). अळी आधी बोंडातल्या बिया खाते, मग खोडात शिरून तिथेच हिवाळा काढते. स्पिअर थिसल ही त्यातली एक जात फुलून गेली की मरते. तिची वाळलेली, उभी राहिलेली खोडं हिवाळ्यात जमिनीलगत कापावीत. एखादं उभं चिरून बघावं. गर पोखरलेला आणि विष्ठेचा भुसा भरलेला असेल तर बाकीची न चिरता न्यावीत. डब्यात ओलसर वाळूत उभी करून, वर जाळी बांधून, घराबाहेर सावलीत ठेवायची. बंद प्लास्टिकमध्ये बुरशी येते. उबदार खोलीत खोडं सुकतात आणि पतंग वेळेआधी निघतो. खोडात एपिब्लेमा स्कुटुलाना या दुसऱ्या पतंगाचीही अळी असू शकते, म्हणून पतंग निघेपर्यंत नाव लिहू नये.

आता नोंद. फॉर्मवर तारीख एक, जागा एक. पाळलेल्या पतंगाला मात्र दोन तारखा आणि दोन जागा असतात. नोंद अळी सापडली त्या दिवसाची आणि त्याच माळाची करायची. अवस्था ‘अळी’ आणि शेऱ्यात ‘पाळून वाढवला, पतंग अमुक तारखेला निघाला’. मी तसंच भरलं. नोंदी तपासणाऱ्यांकडून शंका आली: अवस्था अळी, मग फोटो पतंगाचा कसा? पाठोपाठ सूचना, की तारीख बदलून पतंग निघाल्याची टाका. तसं केलं असतं तर जिथे एकही थिसल उगवत नाही अशा अंगणावर नकाशात ठिपका पडला असता. शिवाय रानात जून-जुलैत उडणारा पतंग आमच्या डब्याच्या वेळेनुसार नोंदला गेला असता. मी तारीख बदलली नाही. त्यानंतर नुसतं ‘तपासणी बाकी’. आठवण केली की आपोआप येणारं उत्तर. उन्हाळा सरला. नियम त्यांचाच, आणि तो त्यांनाच समजावून सांगावा लागला, याचा राग अजून जात नाही.

शेवटी मान्यता मिळाली ती फोटोंच्या साखळीमुळे: चिरलेलं खोड आणि त्यातली अळी, खोडातलं रिकामं कोषकवच, आणि मोजपट्टीशेजारी बसलेला पतंग. पट्टी हवीच. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके इपोनोम्युटा गटातल्या पतंगांनाही असतात. पण थिसल अर्माइनचा पंखविस्तार 27 ते 33 मिलिमीटर, इपोनोम्युटा पतंग त्याहून लहान. त्यांच्यातल्या बर्ड-चेरी अर्माइनवर तर बारीक ठिपक्यांच्या पाच रांगा असतात.

ग्रिड रेफरन्स, म्हणजे ब्रिटिश नकाशावरची जागा सांगणारा क्रमांक, सहा आकडी द्यावा, म्हणजे जागा 100 मीटरच्या चौकोनात नेमकी कळते. तो खोड कापतानाच टिपून घ्यावा.

हो, बोंड कडक लाकडासारखं लागलं तर आत युरोफोरा माशीची गाठ असते, ते सोडून द्यावं. डब्यातून पतंगाऐवजी बारीक परजीवी गांधीलमाशी निघाली तर तीही जपून ठेवावी, कोणत्या खोडातून निघाली ते लिहून.

जमीनमालकाची परवानगी उन्हाळ्यातच घ्या. ब्रिटनच्या 1959 च्या तण कायद्यात स्पिअर थिसलचं नाव आहे, त्यामुळे बरेच शेतकरी ती फुलण्याआधीच कापतात. एक कोपरा न कापता ठेवायला सांगितलं तर हिवाळ्यात खोडं मिळतात. हातमोजे चामड्याचेच घ्या, कापडी मोज्यांतून काटे आरपार जातात.