तुम्ही विचारलंत म्हणून: कम्युनिटी कॉलेजच्या इंटरव्ह्यूला काय वाचू?

कॅलिफोर्नियात राहते म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, की बायॉलॉजीत पीएचडी झालीय, पेपर आहेत, कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकवायच्या नोकरीचा कॉल आलाय, आता काय वाचू? वाचू नका हो, शिकवून बघा, मोठ्याने, घड्याळ लावून.

कारण इथे मुळात मास्टर्स पुरते, पीएचडी लागतच नाही, आणि कमिटीला तुमचं संशोधन नाही, तुमचा वर्ग बघायचा असतो. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत डेमोला, म्हणजे नमुन्याचा तास शिकवून दाखवायला, 15 मिनिटं होती, विषय ऑस्मोसिस (पेशीच्या पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं ते), आणि मी 24 स्लाइड्स घेऊन गेले. कमिटीतली माणसं विद्यार्थी बनून बसतात, त्यातल्या एका बाईंनी चुकीचं उत्तर दिलं, मी बरोबर उत्तर सांगून पुढे गेले. मला आजही वाटतं की नोकरी तिथेच गेली.

पुढच्या वेळी फक्त एक मार्कर आणि एक प्रश्न नेला, सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ का असतं, नुसतं पाणी शिरेत सोडलं तर रक्तपेशींचं काय होईल? कोणीतरी म्हणालं आक्रसतील. मी विचारलं, तुम्हाला असं का वाटलं, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं की पाणी आत शिरणार, पेशी फुगून फुटणार. फिजिऑलॉजीच्या वर्गात नर्सिंगला जाणारी मुलं खूप असतात, कोणी नाइट शिफ्ट करून थेट आलेलं, कोणी पोराला डेकेअरला सोडून, घरातलं कॉलेजात आलेलं पहिलंच कोणीतरी, त्यांना हा प्रश्न आपला वाटतो.

बाकी प्रश्न सगळ्या उमेदवारांना तेच, बहुतेकदा कागदावरून वाचून दाखवतात, समोरचे चेहरे कोरे असतात, त्याने घाबरू नका. इक्विटीचा, म्हणजे वेगवेगळ्या परिस्थितीतून आलेल्या मुलांना समान संधी कशी देता, हा प्रश्न येणारच, तिथे 'मी सगळ्यांना सारखं वागवते' एवढ्यावर थांबू नका, काय केलंत ते सांगा, म्हणजे महागडं पुस्तक काढून ओपनस्टॅक्सचं फुकट पुस्तक लावलं, किंवा ऑफिस अवर्स, म्हणजे मुलांनी शंका घेऊन भेटायला यायची वेळ, संध्याकाळी ठेवले, असं.

आणि प्रॅक्टिस सायन्सवाल्यासमोर करू नका. मी सासूबाईंसमोर केली, मराठीत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, अगं मग कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते हेच का? डेमोत कैरीच्या जागी काकडी घेतली आणि शेवटचा प्रश्न तोच ठेवला.