प्रार्थनेनं कुलूप उघडू नये

परवा रात्री अडीच वाजता मी माझ्या कादंबरीतला ३१ वा चॅप्टर अख्खा उडवला. चार हजार शब्द होते जवळजवळ, आणि उडवल्यावर जी झोप लागली ना तशी गेल्या दोन महिन्यांत लागली नव्हती. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहून काढते.

मी जे लिहिते त्याला श्रद्धेवर उभा असलेला रोमँटिक सस्पेन्स म्हणतात. म्हणजे दोघांचं प्रेम, जिवावरचं संकट, आणि त्या दोघांचं देवाशी असलेलं (किंवा तुटलेलं) नातं, हे तिन्ही एकाच गोष्टीत. इंग्रजीत याला मोठा वाचकवर्ग आहे, हार्लेक्विनची लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स नावाची वेगळी मालिकाच २००५ पासून चालू आहे, त्यातलं पुस्तक साधारण ५५ हजार शब्दांचं असतं आणि बेडरूमचे सीन, शिवीगाळ वगैरे त्यात चालत नाही. ५५ हजार ऐकायला भरपूर वाटतात पण लिहायला बसलं की कळतं, तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला तेवढी जागाच नाहीये, त्यामुळे प्रत्येक सीननं निदान दोन कामं करायलाच लागतात. बायबलमध्ये उपदेशकाच्या पुस्तकात तीनपदरी दोरी सहसा तुटत नाही असं म्हटलंय, मी ते वचन माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पण दोरी आधी वळावी लागते, तीन सुतळ्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून दोरी होत नाही, आणि माझं नेमकं तेच झालं होतं.

तर तो चॅप्टर. माझी नायिका मार्था, एका अनाथाश्रमाचे हिशोब बघते, तिला आकड्यांमध्ये काहीतरी काळंबेरं सापडलंय, आणि क्लायमॅक्सला तिला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये कोंडून आग लावली जाते. दाराखालून धूर येतोय. मी काय लिहिलं होतं, तर ती गुडघ्यावर बसते, दीड पानाची प्रार्थना करते, खूप सुंदर प्रार्थना होती हो ती, मी तिच्यावर आठवडाभर बसले होते, आणि मग डोळे उघडते तर कपाटाखाली किल्ली चमकताना दिसते. ताईला वाचायला दिलं. ताई माझी पहिली वाचक, आणि रोज पहाटे उठून प्रार्थना करणारी बाई, म्हणजे श्रद्धेबद्दल ती काही वावगं बोलणार नाही. तिनं वाचलं, कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "अगं, मग हिनं पहिल्याच पानावर प्रार्थना का नाही केली? सगळंच टळलं असतं."

मला दोन दिवस बोलायला सुचेना. कारण ती फक्त प्लॉटबद्दल बोलत नव्हती. मी देवाला किल्ली बनवून टाकलं होतं.

ही चूक जुनी आहे. ग्रीक नाटकांत देवाला यारीनं, म्हणजे क्रेनसारख्या यंत्रानं, वरून रंगमंचावर उतरवायचे आणि तो येऊन सगळा गुंता सोडवायचा, आणि ॲरिस्टॉटलनं तेव्हाच सांगून ठेवलंय की गोष्टीचा उलगडा गोष्टीतूनच व्हायला पाहिजे, यंत्रातून नाही. हे वाचून मी आधी जरा दुखावले होते, कारण मला वाटायचं की माझा देव काही यारीवरून उतरणारा देव नाही, मी खरंच मानते की तो मदतीला येतो. पण वाचकाच्या बाजूनं बघा. ज्यानं स्वतः दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून रात्रभर प्रार्थना केलीय आणि सकाळी तरीही वाईट बातमी ऐकलीय, त्याच्या हातात मी हे पुस्तक देणार आहे. त्याला ती चमकणारी किल्ली कशी वाटेल? मला वाटतं त्याला ती थोबाडीत मारल्यासारखी वाटेल. आणि तोच माणूस तर माझा वाचक आहे, त्याच्यासाठीच तर हे सगळं लिहायचंय!

मग मी पुन्हा एस्तेरचं पुस्तक काढून बसले. ज्यांना हे असलं लिहायचंय त्यांनी ते सस्पेन्स म्हणून एकदा वाचाच. मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. एकदाही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एस्तेर ही यहुदी राणी, तिच्या लोकांना मारायचा हुकूम निघालाय, पण न बोलावता राजापुढं गेलं तर मरण, राजानं सोन्याचा राजदंड पुढं केला तरच जीव वाचणार, आणि ती तीन दिवस उपास करून आत जाते. राजदंड पुढं होतो. इथं मी असते तर तिनं लगेच सगळं सांगून टाकलं असतं. ती काय करते, तर मेजवानीचं आमंत्रण देते. मेजवानीत राजा पुन्हा विचारतो काय हवंय, तर म्हणते उद्या परत या. आणि त्या दोन मेजवान्यांच्या मधल्या रात्री तो हुकूम काढवणारा मंत्री हामान एस्तेरला वाढवणाऱ्या मर्दखयासाठी पन्नास हात उंच फाशीचा खांब उभारतो, आणि त्याच रात्री राजाला झोप येत नाही म्हणून तो इतिहासाची वही वाचून घेतो, आणि त्यात मर्दखयानं कधीतरी त्याचा जीव वाचवल्याची नोंद निघते. पण ती नोंद तिथं अचानक आलेली नाहीये, दुसऱ्या अध्यायातच पेरून ठेवलीय! योगायोग आहे तो एवढाच की झोप उडाली. देव कुठं आहे ते कोणी सांगत नाही, वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला १९६२ मध्ये दिलेल्या मुलाखतीत बॉम्बचं उदाहरण दिलंय, सगळ्यांना माहीत असेल. टेबलाखालचा बॉम्ब एकदम फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. एस्तेरमधला हामान असाच दुसऱ्या मेजवानीच्या आमंत्रणाची घरी मोठ्या ऐटीत बढाई मारतो, आणि आपल्याला माहीत असतं तिथं काय वाढून ठेवलंय. माझ्या कादंबरीत मी उलटं केलं होतं, वाचकापासून सगळं लपवलं होतं आणि शेवटी किल्ली दाखवली होती. म्हणजे आधी सस्पेन्स नाही आणि वर श्रद्धाही नाही, दोन्ही गेलं.

आता प्रार्थनेचं. संकटात माणूस दीड पान प्रार्थना करत नाही. येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागतो तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये त्याची प्रार्थना मोजून तीन शब्दांची आहे, आणि मराठीतही तीनच होतात, प्रभूजी, मला वाचवा. मी हे कळल्यावर अख्ख्या हस्तलिखितातल्या प्रार्थना मोजल्या, पळापळीच्या सीनमधली एकही प्रार्थना आता एका ओळीच्या वर ठेवलेली नाही. लांब प्रार्थना शांत सीनमध्ये जातात, आणि तिथंही त्या गुळमुळीत नकोत. बायबलमधलं १३ वं स्तोत्र सहा ओव्यांएवढं छोटं आहे आणि त्यात देवाला किती काळ, किती काळ असं चार वेळा विचारलंय. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तुकोबांची देवाशी भांडणं आपण लहानपणापासून ऐकतोच. एवढं सगळं असताना आमच्या कादंबऱ्यांतली माणसं देवाशी इतकी शहाण्यासारखी का बोलतात? माझ्या मार्थाला मी आता भांडू देते.

व्हिलनचं एक सांगायलाच पाहिजे. पहिल्या ड्राफ्टमध्ये तो नास्तिक होता, श्रद्धेची टिंगल करणारा, म्हणजे सगळ्यात सोपा पर्याय. रानात येशूची परीक्षा घेणारा सैतान ९१ वं स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवतो, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला आणि मी व्हिलन बदलला. आता तो आश्रमाचा विश्वस्त आहे, सगळे त्याला मान देतात, मार्थाच्या वडिलांच्या आजारपणात त्यानंच उशाशी बसून वचनं वाचली होती. तोच तिला म्हणतो, क्षमा कर आणि विसरून जा, ख्रिस्ती माणसानं कोर्टकचेरी करू नये. यावर माझं मत अगदी ठाम आहे. क्षमा करणं म्हणजे तक्रार न करणं नाही. पाळत ठेवणारा, मारहाण करणारा, धमक्या देणारा माणूस चार आसवं गाळतो आणि नायिका श्रद्धेच्या नावानं त्याच्याकडं परत जाते, असल्या गोष्टी मी लिहिणार नाही, आणि कोणी लिहू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण ते पुस्तक कुणाच्या घरात, कुणाच्या हातात पडेल ते आपल्याला माहीत नसतं.

प्रेमाच्या पदराचा घोळ वेगळाच. धोक्यात माणसं लवकर प्रेमात पडतात हे खरंही आहे. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या कॅपिलानोच्या झुलत्या पुलावरचा प्रयोग छापला होता, पुलावर भेटलेल्या मुलीनं पुरुषांना फोन नंबर दिला, तर हलणाऱ्या उंच पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला आणि जवळच्या भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. म्हणजे छातीत धडधड भीतीची होती आणि नाव मिळालं आकर्षणाचं. आमच्या प्रकारातल्या लेखकाला हा प्रयोग फुकटचा मसाला वाटतो, पण मला तो इशारा वाटतो. मार्था आणि माझा नायक, हे दोघं अख्खं पुस्तकभर झुलत्या पुलावरच आहेत, मग पूल संपल्यावर काय? म्हणून मी आता पळापळीच्या मध्ये मुद्दाम कंटाळवाणे तास टाकते. दोघं वाट बघत बसलेत, कोणी मागावर नाही, काही होत नाहीये, आणि तो तिच्या तळहाताला पट्टी बांधतोय. टॉर्च त्याच्या दातांत धरलेला, त्यामुळे बोलता येत नाही, पट्टीचं टोक सुटतं, तो पुन्हा पहिल्यापासून गुंडाळतो, दुसऱ्यांदा जास्त सावकाश, आणि तिला कळतं की दुसऱ्यांदा इतकं सावकाश करायची काही गरज नव्हती. तीसुद्धा काही बोलत नाही. एवढंच. बेडरूमच्या दारापाशी थांबणारं लेखन म्हणजे मिळमिळीत असं ज्यांना वाटतं त्यांनी असा एखादा सीन लिहून बघावा, सगळा जीव बोटांत गोळा करावा लागतो.

तर ३१ वा चॅप्टर नव्यानं कसा झाला ते सांगते.

आधी ६ व्या चॅप्टरला गेले. तिथं मार्था पहिल्यांदा रेकॉर्ड रूममध्ये येते तेव्हा वरच्या झरोक्याचा एक गज गंजून हलतोय, शिपाई म्हणतो कितीदा सांगितलं बदला म्हणून. तीन ओळी, बस. म्हणजे बाहेर पडायची वाट आता ६ व्या चॅप्टरपासून भिंतीत आहे. आग लागते, ती घाबरते, खोकते, तीन शब्दांची प्रार्थना करते आणि काहीही होत नाही. मग तिला गज आठवतो. कपाटावर चढून, तो गज उपटून, खांदे सोलून घेत ती अर्धी बाहेर येते, बाहेर नायक उभाच आहे, तिचे हात त्याच्या हातात येतात, आणि आतून कण्हण्याचा आवाज येतो. ज्या कारकुनानं पैशासाठी तिला कोंडलं तोच जिन्याच्या बाजूला पडलाय, पाय मोडलाय, विश्वस्तानं त्यालाही वाऱ्यावर सोडलंय.

आता तिच्या विश्वासाचा प्रश्न सुरू होतो. आत्तापर्यंत सगळं नुसतं पळणं होतं. परत आत जा असं तिला कुणी सांगत नाही, आकाशवाणी होत नाही, उलट तो तिचे हात सोडायला तयार नाही. तो पोलिसातला माणूस, जोडीदार ड्युटीवर मारला गेल्यापासून त्यानं प्रार्थना सोडून दिलेली, आणि मी पहिल्या ड्राफ्टमध्ये त्यालाही इथंच गुडघ्यावर बसवलं होतं. ते काढलं. आता तो प्रार्थना करत नाही. तो फक्त तिच्याकडं बघतो, तिच्या तोंडावर बांधायला स्वतःचा ओला रुमाल देतो, आणि हात सोडतो. दोघांचं प्रेम, आग आणि देव, तिन्ही त्या सुटलेल्या हातात आले असं मला लिहिताना जाणवलं, आणि मी खुर्चीतून उठून खोलीभर फेऱ्या मारल्या.

ताईला नवा चॅप्टर काल दिला. ती बराच वेळ वाचत होती, मग विचारलं, "तो कारकून जगतो का गं?"

ते अजून ठरलेलं नाही. मार्था ३२ व्या चॅप्टरमध्ये दवाखान्याच्या बाकावर बसलीय, नायक तिच्या शेजारी बसलाय, तिच्या केसांना अजून धुराचा वास येतोय, आणि आतून अजून कोणी बाहेर आलेलं नाही.