बेसचा टोन हवाय? आधी स्वर थांबवून दाखवा

बेस गिटार वाजवणारी नवी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, कुठलं पेडल (पायाने दाबून आवाज बदलायची डबी) घेऊ?" आणि लगेच दुसरा, पी-बेस घेऊ की जे-बेस, म्हणजे फेंडरचा प्रेसिजन की जॅझ. माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो, कारण मी म्हणतो आधी वाजवलेला स्वर बंद करून दाखव. नीट बंद, हवा तिथेच, मागे काही घुमत न ठेवता. गिटारवाल्याचं एकवेळ चालून जातं, पण बेसची जाड तार एकदा हलली की बराच वेळ हलत राहते आणि शेजारच्या तारांनाही हलवते. बेसच्या तारा चार, जाडीच्या क्रमाने ई, ए, डी, जी. तुम्ही वाजवताय डी तारेवर आणि तिकडे मोकळी ई तार आपली चोरून घों घों करतेय. घरी कळत नाही, स्टेजवर मोठ्या स्पीकरमधून सगळा गिचका होतो आणि मग लोक म्हणतात ॲम्पच बेकार होता.

माझं म्हणणं एवढंच की बेसचा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, अर्धा तरी स्वर किती लांब आहे आणि कसा संपतो ह्यातच असतो. करून बघा, एखादी साधी लाईन घ्या, प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला चिकटेपर्यंत ओढून वाजवा, मग तीच लाईन स्वर जरा आधी तोडून वाजवा, नॉबला हात लावायचा नाही. दुसऱ्या वेळी ड्रमरचा स्नेअर अचानक कडक वाटायला लागतो, त्याने काहीच वेगळं केलेलं नसतं, त्याला फक्त जागा मिळालेली असते.

तोडायचं कसं, तर डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा, बोट टेकलेलंच राहू द्यायचं. त्यातही एकच बोट टेकलेलं असेल आणि ते नेमकं पाचव्या किंवा सातव्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर असेल तर तिथे हार्मोनिक (मूळ स्वरातच दडलेला वरचा स्वर) टिंग करून वाजतो, म्हणून शेजारचं बोटही आडवं टाकायचं. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांचा कंप पकडणाऱ्या पट्टीवर) कायमचा रोवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा. बोटं डी आणि जी तारेकडे गेली की अंगठ्यानेही मागोमाग सरकून ई आणि ए तारेवर बसलं पाहिजे, म्हणजे त्या गप्प राहतात. सुरुवातीला वैताग येतो. नंतर हात आपोआप करतो. आणि हो, स्वर दाबताना बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे हवं, दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं की जोर जास्त लागतो आणि तार खरखरते.

मग येतं कुठे छेडता ते. ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीच्या जवळ तार ताठ लागते, आवाज टणक येतो, हार्मोनिक्स वर येतात. नेककडे (दांडीकडे) सरकलात की तोच स्वर गोल आणि जाड होतो. जाको पास्टोरियस ह्या अमेरिकन बेसवादकाने फ्रेट नसलेल्या जॅझ बेसवर जो गाणारा आवाज काढला त्यात ब्रिजकडचा पिकअप आणि तिकडेच छेडणारी बोटं ह्यांचा मोठा हात आहे, शिवाय फिंगरबोर्डवर चढवलेला इपॉक्सीचा थर. म्हणजे तुमच्या उजव्या हातात आधीच एक टोन कंट्रोल आहे, फुकट आहे, बॅटरी लागत नाही. डाव्या हातातही आहे, मोकळी ए तार वाजवा आणि तोच ए ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवा, स्वर एकच पण दुसरा जास्त भरलेला आणि थोडा मंद लागतो.

आता जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीत साठच्या दशकात जी गाणी झाली त्यातल्या कितीतरींवर बेस वाजवणारा हाच माणूस. आजच्या हिशेबाने बघितलं तर त्याचं सगळं चुकीचंच म्हणायला हवं! १९६२चा प्रेसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, ब्रिजच्या कव्हरखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. पण नीट ऐका, फोममुळे स्वर ठक्क करून येतो आणि लवकर विझतो, म्हणून तो इतक्या भरगच्च, आडवळणाच्या लाईनी वाजवूनही कुणाच्या पायात येत नाही. फोम काढून त्याच लाईनी नव्या कोऱ्या राउंडवाउंडवर (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत तारांवर) वाजवा, लगेच कळेल मी काय म्हणतोय. स्वयंपाकघरातला नवा स्पंज कापून ब्रिजजवळ तारांखाली सारला तरी अंदाज येतो, फक्त घरच्यांना विचारून घ्या.

तारांवर पैसे घालवायला माझी ना नाही, उलट बेस बदलण्याआधी तारा बदला असंच मी म्हणेन. राउंडवाउंडची झणझणीत चमक घाम आणि मळ बसला की जाते, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर गंजही लवकर धरतो, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या एवढंच आपल्या हातात. फ्लॅटवाउंड मात्र जुन्या होतात तशा मुरतात. ह्याच दमट हवेत नेकही थोडी हलते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलते, मग तार अचानक फ्रेटला घासायला लागते आणि माणूस टोनच्या नॉबशी झटापट करत बसतो. अशा वेळी आधी सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट जुळलीये का ते बघायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ इक्वलायझरवर. घरी एकटं वाजवताना बेस वाढवला, ट्रेबल वाढवला, मिड (आवाजाचा मधला पट्टा) खाली ओढला की कसलं भारी वाटतं! बँडमध्ये तोच टोन गायब. ई तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा, तो फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, छोट्या ॲम्पमधूनही धड येत नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो कारण वरचे हार्मोनिक्स ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. आणि हे हार्मोनिक्स बऱ्यापैकी मिडमध्येच असतात, तेच कापलेत तर मेंदू बिचारा भरणार कशावरून. म्हणून मी मिड कधी कापत नाही, सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास उलट थोडा वाढवतो, एकटं ऐकलं तर नाकातून बोलल्यासारखं वाटतं पण रिहर्सल फोनवर रेकॉर्ड करून ऐका, बेसची प्रत्येक ओळ कळते.

आपल्याकडच्या वाद्यवृंदात अजून एक भानगड आहे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा, किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस असे तिघं एकाच खालच्या पट्ट्यात येऊन बसतात, त्यामुळे डग्गा घुमतोय तिथे लांब स्वर धरून बसण्यात अर्थ नाही, छोटा स्वर द्या आणि बाजूला व्हा. एवढं करूनही आवाज घाण येत असेल तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे बघा. तो तुमच्याच सप्तकात कॉर्ड दाबून बसलेला असतो, शंभरातल्या नव्वद वेळा. त्याला चहा पाजा आणि हात एक सप्तक वर घ्यायला सांगा, पेडलपेक्षा स्वस्तात पडतं.