भाषण ऐकावे की मत पाहावे?

आपल्या खासदाराने एखाद्या राष्ट्रीय प्रश्नावर काय भाषण केले हे शोधायला मिनिटभर पुरते. त्याच विषयावर त्याने मत कोणत्या बाजूला दिले हे शोधू गेल्यास मात्र बहुतेकदा हाती काहीच लागत नाही. याचे साधे कारण म्हणजे संसदेत बरीचशी विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि त्यात कोण ‘होय’ म्हणाले, कोण ‘नाही’ म्हणाले, याची नावानिशी नोंद होत नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके अशीच, मतविभागणीची, म्हणजे मते मोजून नोंदवण्याची, विरोधकांची मागणी मान्य न होता, गोंधळात संमत झाली.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागत असल्याने तेथे मोजणी टळत नाही. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने ४५४ मते पडली, विरोधात अवघी २. ती दोन मते असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांची होती. मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी त्यात स्वतंत्र वाटा नाही, हा आक्षेप ओवैसींनी भाषणातही मांडला होता. भूमिका पटो न पटो, बोलणे आणि मत यांचा मेळ येथे तपासता येतो.

एरवी तो मेळ तपासणे अवघडच, कारण १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश मोडणाऱ्याची, अगदी गैरहजर राहणाऱ्याचीही, खासदारकी जाऊ शकते. म्हणून मी हल्ली मतांपेक्षा सदस्याने सुचवलेल्या दुरुस्त्या आणि विचारलेले लेखी प्रश्न आधी वाचतो. त्यांवर पक्षादेशाची सावली जरा कमी पडते.